त्या दिवशी ऊन होतं

मी एका बाईला चारचौघांत खोटं पाडलं, आणि तेही सुंदर भाषेत. ती बाई माझी सख्खी थोरली बहीण. भाषा सुंदर होती हे मी आजही नाकारत नाही, कारण माझा खरा गुन्हा तोच आहे. साध्या शब्दांत कुणी खोटं ठरवलं असतं तर ती उलटून बोलली असती. माझं वाचून झाल्यावर लोक 'वा' म्हणाले. 'वा'ला कुणी काय उत्तर द्यायचं?

पावसाळा आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना पाऊस लागतो. यंदाही एका पुरवणीवाल्याचा फोन आला. "सर, तुम्ही जुन्या दिवसांचं हवामान लिहिता ना, एक आठवणीतला पावसाळा येऊ द्या. जरा ओला." ओला म्हणजे त्याला काय हवं ते मला पाठ आहे. मातीचा सुगंध, पागोळ्या, खिडकी, खिडकीशी चहाचा कप आणि कपाजवळ बसून हळवा झालेला एक पगारदार माणूस. तो माणूस बहुतेक वेळा मीच असतो. आमच्या शिरूर कासारच्या बाजूला निम्मी गावं दिवाळीच्या पुढंमागं कोयते घेऊन उसाला जातात, कारण पाऊस पुरत नाही. आणि त्याच गावांतून शिकून बाहेर पडलेले आम्ही शंभर लोक पावसावर हळवं लिहितो. गावात पाऊस कमी पडला, तरी आमच्या लेखांत कधी पडायचा राहत नाही.

मी बीडला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. काही वर्षांपूर्वी मला हा छंद लागला. कुठल्याही जुन्या दिवसाचं हवामान आता संगणकावर मिळतं. त्या दिवशी आपल्या गावात कुणी पाऊस मोजला होता, असं नव्हे. लांबलांबच्या केंद्रांवरच्या नोंदी, विमानांनी आणि जहाजांनी टिपलेले वारे, हवेचा दाब, असं सगळं जमवून गणितानं तो दिवस पुन्हा उभा केलेला असतो. पृथ्वीवर जाळं टाकून चौकोन पाडलेत. एका चौकोनात कितीतरी गावं मावतात आणि त्या सगळ्यांना मिळून एकच पाऊस आणि एकच ऊन. म्हणजे हाही अंदाजच, फक्त मागच्या दिवसाचा. वर्गात मी हे मुलांना नीट समजावून सांगतो. वर्गाच्या बाहेर पडलो की विसरतो.

कारण बाहेर लोक वाट बघत असायचे. "सर, आमच्या लग्नाच्या दिवसाचं सांगा." "सर, पोरीच्या जन्माचं लिहून द्या." मी आकड्यांवर शब्द चढवायचो. जूनमधला दिवस असला तर वारा पश्चिमेचा, एवढंच आलेलं असायचं. मी लिहायचो, पश्चिमेचा वारा ज्वारीच्या कणसांना झुलवत होता. जून महिन्यात आमच्याकडं रानात ढेकळं असतात, ज्वारीची कणसं नसतात. मला ते ठाऊक होतं. वाचणाऱ्यालाही ठाऊक होतं. तरी दोघंही गहिवरायचो. एका पुढाऱ्याच्या पोरांनी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माझं वाक्य छापलं, 'साहेब जन्मले तेव्हा मेघ गर्जत होते.' साहेब ऐन मे महिन्यातले. आकड्यांत ढगाचा मागमूस नव्हता. गर्जना मी माझ्या पदरची घातली होती. चौकात तो फ्लेक्स पावसात फाटेपर्यंत लटकत होता आणि मी रोज त्याच्याखालून मान ताठ करून जायचो.

आता त्या पावसाळ्याबद्दल.

मी सहाएक वर्षांचा असेन. सिंदफणेच्या काठाला आमचं गाव. भाद्रपदातलं ऊन कातडीला चावायचं. माय भिंतीला टेकून मुगाच्या शेंगा सोलत बसायची. काळ्या पडलेल्या शेंगा उन्हानं आपोआप तडकायच्या आणि एखादा मूग उडून माझ्या मांडीवर पडायचा. मायचं पोट एवढं वाढलेलं की सूप पोटावरच टेकायचं. बाळ आत हललं की सूप हलायचं. ती म्हणायची, "बघ, तुझा भाऊ मूग पाखडायलाय." ते सूप हलताना मला अजून दिसतं.

नदी म्हणजे वाळू. वाळूत झिरे खणलेले, झिऱ्यांतून वाटीवाटीनं पाणी भरायचं. जिथं जरा धार असेल तिथं बाया धुणं धुवायच्या. त्यांची एक रीत होती. धुणं धुताना सगळ्यांनी नदीला पाठ करून चालत नसे. एकीनं डोंगराकडं तोंड करून बसायचं. वर पाटोद्याच्या अंगाला डोंगर आहे, नदी तिकडून येते. आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी तिकडं आभाळ निळंजांभळं झालं की ती म्हणायची, "वर काळं झालंय गं." तेवढ्यावर सगळ्या पिळे खांद्यावर टाकून काठावर चढायच्या. हे डोंगराकडं बघत बसायचं काम बहुतेक माझ्या बहिणीकडं, अक्काकडं असायचं. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची. हातानं धुणं आपटायची आणि नजर मात्र वर. मला वाटायचं, अक्काला डोंगर आवडतो.

माय ज्या दिवशी गेली त्या दिवशी घरात बाप्या माणूस कुणी नव्हता. आप्पा, म्हणजे वडील, पाटोद्याच्या बाजाराला गेलते. थोरला भाऊ, दादा, शिरूरला शाळेत. दुपारी मायला दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या आणि रक्त जायला लागलं. उपकेंद्र आणि नर्सबाई नदीच्या पलीकडच्या गावात. मायजवळ बसलेल्या चुलतीनं अक्काला पिटाळलं, "पळ, नर्सबाईला घिऊन ये." अक्का पळाली. ऊन एवढं होतं की तिच्या पायाखालची धूळ पांढरी दिसत होती.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. एकटीच आली. परकर कमरेपर्यंत भिजलेला. म्हणाली, "नदीला पानी आलंय. उतरू दिना." तोवर माय गेली होती. पोटातलं बाळही.

सांजच्याला आप्पा आले, दादा आला. आप्पांनी अक्काला मारलं नाही. मारलं असतं तर गोष्ट तिथं संपली असती. ते फक्त म्हणाले, "पानी? ह्या उन्हात?" दादा नदीकडं बघायलाही गेला नाही. म्हणाला, "झिऱ्यात खेळत बसली आसंल." रात्रीतून पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी मायला काठावर नेलं तेव्हा वाळू नुसती ओली होती. ओल्या वाळूला कोण विचारतं? पाणी होतं तेव्हा कुणी बघितलं नाही, आणि बघायला गेले तेव्हा पाणी नव्हतं.

अक्काची शाळा सुटली. पुढच्या उन्हाळ्यात तिला चौसाळ्याला दिली. आणि आमच्या घरात एक म्हण जन्माला आली. कुणाला उशीर झाला, कुणी थाप मारली, कुणी काम टाळलं, की दादा म्हणायचा, "का बे, नदीला पानी आलतं काय?" सगळे हसायचे. नव्या सुना मागचं काही माहीत नसताना हसायच्या, त्यांची पोरं हसायची. माहेरी आलेली अक्कादेखील ओठ मिटून हसल्यासारखं करायची. मीही हसायचो. प्राध्यापक झाल्यावरही हसायचो. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला एकदा मी तेच विचारलं. त्या मुलाला काही कळलं नाही, पण सर हसले म्हणून तोही हसला. नीचपणा असा एका घरातून दुसरीकडं जातो, हसत.

गेल्या उन्हाळ्यात दादाच्या नातवाचं बारसं होतं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि जेवणाला वेळ होता म्हणून माझा खेळ सुरू झाला. सुनेच्या जन्माचं हवामान, व्याह्यांच्या लग्नाचं हवामान. मोबाईलवर आकडे काढायचे आणि तिथल्या तिथं शब्द बसवायचे. लोक सरकून सरकून जवळ आले. मग दादा लोडाला टेकून म्हणाला, "प्राध्यापक, माय गेली त्या दिवसाचं सांग बे."

मायच्या मृत्यूची तारीख मला माहीत होती. मी आमच्या गावाचा चौकोन काढला. पाऊस शून्य. आभाळ मोकळं. अक्का समोर भिंतीशी बसून पोरांच्या वाट्यांत घुगऱ्या घालत होती. मी तिच्याकडं बघितलं होतं. इथं मी स्वतःला सूट देणार नाही, मी तिच्याकडं बघितलं आणि मग वाचलं. "त्या दिवशी आभाळ एखाद्या धुतलेल्या पाटीसारखं कोरं होतं. ढगाची एक रेघ नव्हती. तहानलेली नदी उन्हात निजली होती."

नदी आकड्यांत नव्हती. ती मी घातली. वाक्य भरून दिसावं म्हणून.

"घ्या," दादा म्हणाला, "आता तर कॉम्प्युटरबी म्हनायलाय." हशा झाला. व्याही म्हणाले, "वा, सर, काय लिहिता." अक्कानं पळी पातेल्यात ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "चांगलं लिवलंस, बापू." मला ती लहानपणापासून बापू म्हणते. जेवण न करता चौसाळ्याची गाडी आहे म्हणून निघाली. त्या वेळी चौसाळ्याला गाडी नसते. हे सगळ्यांना माहीत होतं.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावी होतो. खांदेमळणी, बैलांना धुऊन त्यांचे खांदे मळायचा दिवस. आता गावात बैल बोटावर मोजावेत एवढे, पण दादानं हौसेनं जोडी ठेवली आहे. दादाचा मुलगा आणि दोन-तीन जण नदीत बैल धूत होते, मी पँट दुमडून वाळूत उभा होतो. आता नदीवर पूल आहे, त्यामुळं नदीकडं कुणी बघत नाही. ऊन असं की बैलांच्या ओल्या पाठींवरून वाफ निघत होती. मी मोबाईलमध्ये त्या उन्हाचं छान वाक्य लिहीत होतो.

आणि काठावर उभा असलेला दादा शांतपणे म्हणाला, "आरं, काढा बैलं भायेर. वरून पानी यायलंय."

कुणी दचकलं नाही. बैल काढले. मी सर्वांत शेवटी चढलो. आधी आवाज आला, पिठाची गिरणी लांब कुठंतरी चालू असावी तसा. मग वळणावरून फेस, काटक्या, गवताच्या जुड्या, आणि त्यांच्यामागं तांबूस पाणी, घाई न करता. बघता बघता मघाशी आम्ही वाळूत उभे होतो तिथं कमरेएवढं झालं. डोक्यावर तेच ऊन. माझी सावली पाण्यावर पडली होती.

मी विचारलं, "दादा, ऊन पडलंय की. पानी कुठून आलं?"

दादा माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघून म्हणाला, "भूगोल शिकवतो ना बे तू? पाटोद्याकडं झाला आसंल जोराचा. नदीला काय आपल्याच गावचा पाऊस लागतो काय?"

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. वाटलं, आता त्याला आठवेल. आता हात तोंडाकडं जाईल. तो बैलाच्या शिंगाला चिकटलेला चिखल नखानं काढत होता. त्याला हे ज्ञान आयुष्यभर होतं. बैलांसाठी होतं, म्हशींसाठी होतं, वाळूत अडकलेल्या ट्रॅक्टरसाठी होतं. बहिणीसाठी काढायची वेळ आली तेव्हा ते कुठंतरी ठेवून दिलेलं होतं. आणि मी भूगोलाचा माणूस, नदीच्या खोऱ्याचे नकाशे फळ्यावर काढणारा. आम्हा दोघांत जास्त हलकट कोण, हे मला त्या काठावर उभं राहून ठरवता आलं नाही. मी तिथं काही बोललो नाही. हेही लिहून ठेवतो.

घरी येऊन मी मायच्या दिवसाचा चौकोन पुन्हा काढला. कोरडा. मग नदीच्या वरच्या अंगाचा, पाटोद्याकडचा, शेजारचा चौकोन. तिथं दुपारपासून पाऊस होता, चांगला पाऊस. बोट एवढंसं सरकवायचं होतं. बारशाच्या दिवशी मी ते सरकवलं नाही, कारण वाक्य तयार झालं होतं.

पण हे लिहितानाही मला स्वतःचा संशय येतो. तो शेजारचा चौकोन कोरडा निघाला असता तर? गणितानं उभा केलेला दिवस चुकतोही. मग काय, अक्का खोटी ठरली असती? कमरेपर्यंत भिजून आलेली पोर समोर उभी होती आणि आम्ही आभाळाकडं बघून निकाल दिला. तिचा ओला परकर हीच नोंद होती. मी जगातलं सगळं हवामान वाचलं आणि ती एक नोंद वाचली नाही.

आणि ती नोंद एकटी नव्हती. त्या रात्री पडल्या पडल्या मला वास आला, ओल्या लोकरीचा. मायच्या दिवसाची ही एवढी आठवण माझ्याकडं कायम होती, पण मी तिचा अर्थ कधी लावला नव्हता. सांजच्याला आप्पा बाजाराहून आले तेव्हा अंगणात उभं राहून घोंगडं पिळत होते. सगळं अंगण वाळलेलं आणि त्यातून पाण्याची एक रेघ दाराकडं चाललेली. आत बाया रडत होत्या, मी त्या रेघेत बोट बुडवून मातीवर गोल काढत होतो. आप्पा डोंगरावरच्या पावसात भिजून आले होते. पावसानं अडवलं म्हणून त्यांना उशीर झाला होता. अक्काला ज्या पाण्यानं अडवलं, ते त्याच पावसाचं. ते घोंगडं हातात धरून त्यांनी तिला विचारलं, "पानी? ह्या उन्हात?"

त्यांच्या उशिराबद्दल आमच्या घरात म्हण तयार झाली नाही.

आप्पांना मी आता काय म्हणू? ते गेले, त्यांचा फोटो हार घालून भिंतीवर आहे. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं बायको म्हणते. दुःखात बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी परत घेतो. आप्पांनी मरेपर्यंत घेतलं नाही. मला त्या फोटोकडं बघवत नाही, आणि आरशाकडंही फारसं नाही.

चौसाळ्याला गेलो. हमरस्त्याच्या मागं अक्काचं घर, पुढं तिच्या मुलाचं पंक्चरचं दुकान. ट्रक गेले की भिंत हादरते. अक्का ओट्यावर उडदाच्या शेंगा झोडपून झाल्यावर सूप घेऊन पाखडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. चौकोन, पाटोद्याचा पाऊस, घोंगडं. बोलताना माझा आवाज कापला, आणि आपला आवाज कापतो आहे याचं मला जरा बरंही वाटलं. असा मी आहे.

अक्कानं सूप थांबवलं नाही. "हे मला कावून सांगायलास? मी व्हते की तितं."

"तू कधी बोलली का न्हाईस, अक्का?"

"एकदा बोलले की. त्याच दिशी." तिनं फुंकर मारून फोलपट उडवलं. "पल्याड एक मानूस उभा व्हता. मी पान्यात शिरले तर त्यो हात हलवून माघारी जा म्हनायचा. मी वरडले, नर्सबाईला सांगा. पान्याच्या आवाजात त्याला काय ऐकू येतंय. मग उतरायची वाट बघत बसले. माघारी येऊन काय सांगू, असं वाटलं." तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तेवढा येळ मातुर मी बसले, बापू. ते खरं हाय."

म्हणजे इतकी वर्षं ती स्वतःलाच दोष देत होती. आम्ही बाहेरून आणि ती आतून.

मी म्हणालो, "मी चुकलो, अक्का." ती म्हणाली, "चहा घेतोस का?" चहा झाला. निघताना मी चपला घालत होतो तेव्हा ती सुपाकडं बघतच म्हणाली, "जितं वाचलंस तितं वाच."

पितृपक्षात नवमीला आमच्याकडं मायचं असतं. सवाष्ण गेलेल्या बाईची ती तिथी. दादाच्या घरी सगळे जमले. वडे, खीर, कढी. कावळ्याचं पान पत्र्यावर ठेवलेलं. अक्का बारशानंतर त्या घरात आली नव्हती, मी चौसाळ्याला फोन करून ये म्हणालो होतो. पंगत बसली तरी तिचा पत्ता नव्हता. मला वाटलं, येणार नाही, आणि खरं सांगतो, सुटका झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात ती दारात आली. घामानं कपाळावरचं कुंकू पसरलेलं.

दादानं वडा मोडता मोडता मान वर केली. "आलीस का. नदीला पानी आलतं वाटतं."

पंगत हसली. तेच हसणं, लहान पोरांसकट.

मी ताटावरून उठलो. उष्ट्या हातानं पंगतीतून उठू नये म्हणतात. मायच्या पानासमोर तर नाहीच. कुणीतरी म्हणालं, "सर काहीतरी वाचणार," आणि दोघातिघांनी ऐकायला माना वळवल्या. माझ्याकडं वाचायला काही नव्हतं. सुंदर एक शब्द आठवत नव्हता, आणि तेच बरं झालं.

"दादा, आलतं," मी म्हणालो. "माय गेली त्या दिवशी आपल्याकडं ऊन होतं. वर पाटोद्याकडं पाऊस होता. आप्पा त्या पावसात भिजून आले, अंगणात घोंगडं पिळलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याच पावसाचं पाणी नदीला आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आलं तसंच, उन्हात. तुम्ही बैल काढले." दादाचा हात ताटात थांबला. मी पुढं बोललो, नाहीतर परत कधी बोललो नसतो. "बारशाला मी जे वाचलं ते खोटं होतं. नदी निजली नव्हती. हे घर आजपर्यंत अक्काला हसत आलं, आणि मी हसलो, आणि मग मी ते लिहून वाचून दाखवलं."

अक्का दारातच उभी होती. मी तिच्याकडं वळलो.

"नदीला पाणी होतं, अक्का. तू खरं बोलत होतीस. मला माफ कर."